तातोबाच्या गाडीचं माप

“…मग माझीच का थरथरते, वस्ताद?”

बाबालाल शिकलगारांनी चहा बशीत ओतला. बशीतला चहा फुंकून प्यायले, बशी कपावर पालथी घातली आणि समोरच्या गाडीकडे बघत बसले.

“सांगाडा तोच. इंजिन तेच. वेल्डिंग तर मी त्याच्याहून चांगलं केलंय, कुणालाबी विचारा. तरी त्याची गाडी पाण्यावरनं गेल्यागत जाते, आन् माझी…”

“कुणाची?”

“तातोबाची.”

“हां,” वस्ताद म्हणाले. “मला वाटलं तुझ्या गाडीचं बोलतोयस.”

जीवंधर मगदूमला हे झोंबलं. पण वस्तादांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल वस्तादांच्या हाताखाली शिकलेले पन्नासेक फिटर असतील, आणि त्यातला एकही त्यांना कधी उलटून बोललेला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. गुडघे गेलेले, हातात काठी. पण चालत्या इंजिनावर तळहात ठेवला की आत काय दुखतंय ते सांगणार.

जीवंधर त्यांचा जुना चेला. वय बेचाळीस, स्वतःचं लेथचं शेड, गिऱ्हाईक जोरात. कामात कुणी नाव ठेवावं अशी जागाच नव्हती. एकच खोड. स्वतःचं काम चांगलं झालं की त्याला आनंद व्हायचा खरा, पण तो पुरता व्हायच्या आत मान वळायची आणि तातोबाचं काय चाललंय ते बघून यायची.

तातोबा सुतार हा त्याच्या मागाहून सहा वर्षांनी वस्तादांकडे आलेला. धंदा फाउंड्रीसाठी लाकडाचे साचे करण्याचा. म्हणजे दिवसभर रंधा आणि पटाशी. “लाकडातला माणूस, त्याला लोखंडातलं काय कळतंय!” असं जीवंधर चारचौघांत म्हणायचा. आणि त्याच लाकडातल्या माणसानं गेल्या पाडव्याला स्वतःच्या हातानं मोटारगाडी बांधून रस्त्यावर आणली होती.

तेव्हापासून जीवंधरच्या जिवाला चैन नव्हतं. खोटं कशाला बोला, त्यानं गाडी बांधायला घेतली ती हौस म्हणून नव्हेच. तातोबानं बांधली म्हणून बांधली. तातोबानं जिथनं सुट्या नळ्यांचा सांगाडा मागवला तिथनंच यानं मागवला. भंगारात निघालेल्या जीपचं इंजिन त्यानं घेतलं, यानंही तसलंच हुडकलं. फक्त मागचा धुरा तेवढा ज्याला जो मिळाला तो. तातोबाला जीपचाच मिळाला होता, जीवंधरला एका जुन्या तीनटनी टेम्पोचा. आठ महिने राबून गाडी उभी राहिली. लालभडक रंग, दोन सीटा, वर टप नाही. दिसायला तातोबाच्या गाडीपेक्षा देखणी, हे तर तातोबासुद्धा म्हणाला.

पण चाळीसच्या वर काटा गेला की खालची पत्र्याची जमीन थरथरायला लागायची. मग गिअरचा दांडा वाजायचा, आरशातलं काही दिसेनासं व्हायचं. साठला तर दात वाजायचे.

आणि अशा गाडीत वस्तादांना कसं बसवणार?

वस्तादांच्या चेल्यांत एक रीत होती. चेल्यानं पहिल्यांदा गाडी बांधली की तिच्यात वस्तादांना शेजारी बसवून त्यांच्या घरापर्यंत न्यायचं. दारात भाभी, म्हणजे वस्तादांच्या घरच्या, चाकांवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि चेल्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायच्या. एवढंच. पण तेवढं झाल्याशिवाय उद्यमनगरात त्या गाडीला कुणी गाडी म्हणायचं नाही. तातोबाला ती साखर मिळाली होती. जीवंधर तेव्हा गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि आतल्या आत नुसता जळत होता.

म्हणून आज, सोमवारी, उद्यमनगरची सुट्टी बघून त्यानं वस्तादांना शेडवर आणलं होतं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, चारी चाकं अधांतरी.

“तुम्ही त्याला काहीतरी सांगितलंय, वस्ताद,” जीवंधर शेवटी बोललाच. इतके दिवस घशाशी आलेलं. “मला सांगितलं नाही असं काहीतरी.”

“काय सांगितलं असंल?”

“ते मला कसं ठाऊक? तुम्ही त्याच्याकडं दोनदा गेला होता. माझ्याकडं आज पहिल्यांदा आलाय.”

“मोजतोस होय?”



वस्ताद काठीवर रेटा देऊन उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. इंजिनाच्या बाजूनं वाकून खाली बघितलं. इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स मागच्या अंगाला किंचित उतरता बसवलेला होता. तिथून एक लांब शाफ्ट मागच्या धुऱ्याच्या पोटापर्यंत जात होता, दोन्ही टोकांना एकेक सांधा.

“इंजिनाला उतार किती दिलायस?”

“चार डिग्री.”

“कुठनं आणलीस चार?”

“…अंदाजानं.”

“अंदाज बरोब्बर चार आला?”

आता काय सांगणार? तातोबाच्या लेकीचं बारसं होतं तेव्हाची गोष्ट. भर दुपार, मांडवात पंगत बसलेली, जिलेबी फिरत होती. जीवंधर हात धुण्याच्या निमित्तानं उठला, घराच्या मागं गेला आणि कडक इस्त्रीच्या शर्टानिशी तातोबाच्या गाडीखाली शिरला. कोनमापक घरनंच खिशात घालून आणला होता. इंजिनाखाली लावला, काटा वाचला, चार. तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली म्हणून तसाच सरपटत बाहेर आला. पाठीला ग्रीसचा हा एवढा पट्टा. “भिंतीला टेकलो,” म्हणून बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, भिंतीला ग्रीस कोण लावतंय?

“मागं किती हाय?” वस्तादांनी विचारलं.

“कुठं मागं?”

“धुऱ्याला. त्याच्या पोटातनं जो दांडा पुढं येतो, त्याला उतार किती?”

आठ महिन्यांत त्यानं या गाडीचं सगळं मोजलं होतं. बोल्टाचे आटे मोजले होते. हे मात्र मोजलं नव्हतं, कारण तातोबाच्या गाडीखाली तेवढा वेळ मिळाला नव्हता.

“आत्ता मापतो,” तो घाईनं म्हणाला आणि कोनमापक घेऊन वाकला.

“चाकं हवेत असताना?”

जीवंधर थांबला.

“गाडी अशी लोंबकळत पळणार हाय का रस्त्यावर? उतरव खाली.”

त्यानं जॅक लावला, एकेक ठोकळा काढला, गाडी चाकांवर उतरवली. स्प्रिंगचे पाटे जरासे दबले. तो पुन्हा वाकला.

“गाडीत कोण बसणार हाय?” वस्ताद.

“मी.”

“मग बस.”

“अहो, मी बसलो तर खाली मापणार कोण?”

वस्तादांनी खांदे उडवले.

“वाळूची दोन पोती ठेवतो सीटवर,” जीवंधर म्हणाला.

“पोतं चालवणार हाय गाडी?”

“मग तुम्ही…” म्हणता म्हणता त्यानं वस्तादांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

“अर्धी डिग्री बरोबर वाचील असा कोण हाय तुझ्या माहितीत?” वस्ताद म्हणाले. “बोलव त्याला.”

जीवंधर उभ्या उभ्या नावं आठवू लागला. एक शारजाला गेलेला. एकाला दिसायला कमी. एकाला अर्धा आणि पाव यातला फरक कळेल याचा भरवसा नाही. दोघांशी त्याचं बोलणं बंद, कारण काय ते आता आठवतही नव्हतं. फिरून फिरून नाव एकच येत होतं, आणि ते घ्यायला जीभ रेटेना.

वस्ताद परत मघाच्या लाकडी खोक्यावर जाऊन बसले. त्यांना घाई नव्हती…

शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. बाहेर रस्त्यावर सुट्टीची सामसूम. जीवंधरनं मोबाइल काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला.

“हॅलो… तातोबा, मी बोलतोय. …जरा येतोस का शेडवर? …नाही, तसं काही नाही. वस्ताद बसलेत. …बरं.”

“काय म्हणाला?”

“येतो म्हणाला.”

“काय काम हाय ते विचारलं?”

“नाही.”

“हं,” वस्ताद म्हणाले.

वीस मिनिटांत तातोबा आला. सायकलवर! गाडी घेऊन आला असता तर बरं झालं असतं, निदान चिडायला जागा मिळाली असती. कानाच्या मागं पेन्सिल, अंगावर भुसा. वस्तादांच्या पाया पडला, “काय दादा, झाली का तयार? झकास दिसतीया हो!” म्हणाला. ऐकून जीवंधरला आणखीच मेल्यासारखं झालं.

“जीवंधर बसंल,” वस्ताद म्हणाले. “तू खाली जा. मागनं कोन मापायला सुरू कर.”

तातोबानं एक रिकामं पोतं अंथरलं, कोनमापक घेतला आणि गाडीखाली सरकला. जीवंधर सीटवर बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. करायला काही नव्हतं. आपल्या गाडीत आपण ओझं म्हणून बसायचं आणि हा खाली आपल्या इंजिनाची अब्रू काढणार, असं त्याच्या मनात येत होतं.

“दादा, हलू नका,” खालून आवाज आला.

“हलत नाही.”

“…मागं अडीच.”

“परत बघ,” वस्ताद म्हणाले.

“अडीच, वस्ताद.”

“पुढं?”

खालून सरकल्याचा आवाज आला.

“चार,” तातोबा म्हणाला. मग जरा थांबून, हळूच, “बरोब्बर माझ्या गाडीला हाय तेवढीच.”

जीवंधरच्या कानशिलांत रक्त चढलं. खाली बघायची सोय नव्हती, वर बघायची त्याहून नव्हती.

“दादा,” खालून तातोबा म्हणाला, “बारशाच्या दिवशी विचारलं असतं ना, तर मागचंबी सांगितलं असतं.”

आवाजात राग नव्हता. टोमणासुद्धा नव्हता. शेजाऱ्यानं साखर उसनी मागायची सोडून उपाशी बसावं, तसं जरा वाईट वाटल्यासारखा आवाज. जीवंधरला चोरी सापडल्याची लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग आला तो या माणसाला राग येत नाही याचा. अरे, चीड की एकदा! चार शिव्या दे! म्हणजे तुझं-माझं सारखं होईल!

“तुला ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

“तुमचे पाय दिसत होते, दादा. नवे बूट.”

वस्तादांनी तंबाखूची डबी काढली, चिमूट घेतली, डबी बंद केली.

“हिकडं बघ,” ते जीवंधरला म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. उजवा हात वर, बोटं जराशी खाली झुकलेली. डावा हात त्याच्या पुढं, टीचभर खाली, तोही तितकाच झुकलेला. “हे इंजिन. ह्यो धुरा. दोघं एका रेषेत हाईत का?”

“नाहीत.”

“नसंनात. एक वर, एक खाली, चालतंय. मधला शाफ्ट घेतो सांभाळून. पण कल दोघांचा सारखा पायजे.” त्यांनी उजवा हात आणखी वाकडा केला. “आता?”

“आता एक टोक दुसऱ्याशी भांडणार.”

“भांडणार. तुझं इंजिन गेले आठ महिने तातोबाच्या धुऱ्याकडं बघून बसलंय. तुझा धुरा बिचारा मागं हाका मारतोय…”

तातोबा खालून हसला. जीवंधर हसला नाही.

मग काम सुरू झालं. इंजिनाचा उतार अडीचवर आणायचा तर गिअरबॉक्सचं शेपूट बोटभर उचलायला हवं होतं. जीवंधरनं त्याखाली घालायला लोखंडी पट्टी कापायला घेतली तर तातोबा म्हणाला, थांबा दादा, आधी लाकडाची करून बघू. त्यानं कोपऱ्यात पडलेला बाभळीचा तुकडा उचलला, पेन्सिलीनं रेघ मारली, कापला, चार हात कानस फिरवली आणि बसवला. पुन्हा जीवंधर सीटवर, पुन्हा तातोबा खाली.

“अडीच,” खालून आवाज आला.

पहिल्याच खेपेला! आपण असतो तर तीन पट्ट्या वाया घालवल्या असत्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तेच सोसवत नव्हतं. त्यानं त्या लाकडाबरहुकूम लोखंडाची पट्टी करून घेतली, इतकी तंतोतंत आणि इतकी गुळगुळीत की वस्तादांनी ती हातात घेऊन अंगठा फिरवला. “चांगली झालीय,” म्हणाले. त्या एका शब्दावर एरवी तो महिनाभर खूश राहिला असता. आज त्यानं आधी तातोबानं ऐकलं का ते बघितलं.

बोल्ट आवळून झाले. तातोबानं हात पुसले.

“मी निघतो, वस्ताद. घरी पाव्हणं हाईत. दादा, जाऊ का?”

“हां… ये,” जीवंधर म्हणाला. आभाराचे दोन शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात तातोबा सायकलवर टांग टाकून गेलाही. बरं वाटलं. आता शेडमध्ये वस्ताद, तो आणि त्याची गाडी, एवढंच राहिलं.

“बसा, वस्ताद,” तो म्हणाला. “घरी सोडतो.”

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. मग काठी आत टाकली, दार धरून एकेक पाय आत घेतला आणि बसले. फोन करून भाभींना सांगितलं, येतोय म्हणून.

वस्तादांचं घर हायवेपलीकडे उचगावात. जीवंधरनं मुद्दाम लांबची वाट धरली. तीस. पस्तीस. चाळीसला त्यानं श्वास धरला…

काही नाही.

पंचेचाळीस. पन्नास. जमीन शांत. गिअरचा दांडा शांत. आरशात मागचा रस्ता लख्ख दिसत होता, रस्त्याकडेची रसवंतीगृहं, उसाचे ट्रॅक्टर, सगळं. साठ. इंजिनाचा एकसुरी आवाज, अंगावर वारा आणि शेजारी वस्ताद डोळे मिटून बसलेले, एक तळहात दाराच्या पत्र्यावर.

“अरे वा!” जीवंधर मोठ्यानं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्यानं आलं नव्हतं. आपण ही बांधली. पहिल्या नळीपासून. ही आपली आहे. दोन-अडीच मैल तो नुसता गाडी चालवत होता. दुसरं काही नाही. आठ महिन्यांत असे दोन-अडीच मैल त्याला मिळाले नव्हते.

उचगावचा फाटा आला. गाडी आत वळली. गल्लीच्या टोकाला वस्तादांचं कौलारू घर दिसलं. भाभी दारात उभ्या होत्या, हातात तांब्या. शेजारच्या दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ कौतुकानं बघायला आले होते.

तीस-चाळीस पावलं राहिली असतील. गाडी सावकाश चालली होती. जीवंधरची छाती भरून आली होती. आता गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही.

“वस्ताद…”

“हं.”

“एक विचारू? खरं सांगा हं.”

वस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“तातोबाच्या गाडीतनं आला होता तुम्ही पाडव्याला… ती अशी गेली होती का? का ही जास्त…”

वस्तादांनी दारावरचा तळहात काढून घेतला.

“थांबव,” वस्ताद म्हणाले.

जीवंधरनं ब्रेक दाबला. वस्तादांनी दार उघडलं. काठी बाहेर टेकली, मग एक पाय, मग दुसरा.

“काय झालं? थरथरली का, वस्ताद?”

“न्हाई. गाडी चांगली झालीय.”

“मग उतरताय कशाला? घर तर समोर दिसतंय! भाभी तांब्या घेऊन उभ्या हाईत…”

वस्तादांनी दार हळूच लावलं. सीटवर, जिथं ते बसले होते तिथं, एकदा बघितलं.

“दोन माणसांची गाडी हाय ही, जीवंधर… आन् आपण तिघं बसलो होतो. मी जातो चालत.”